देवसिंगनं भार पुढेच ठेवला होता

देवसिंग,

तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी "मंग बोलू" म्हणालो होतो. त्याला बावीस वर्षं झाली. तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. मधल्या काळात आपण पुष्कळदा भेटलो. आर्णीच्या बाजारात, लग्नांमध्ये, एकदा यवतमाळला दवाखान्याच्या रांगेत. तो प्रश्न तू पुन्हा काढला नाहीस आणि मीही आपणहून उत्तर दिलं नाही. उत्तर मला माहीत होतं. तू विचारलंस त्या क्षणीही माहीत होतं.

इथल्या साप्ताहिकवाल्यानं तुझ्याबद्दल चार शब्द मागितले. त्याला जन्म, शिक्षण, पाठीमागे परिवार असं काहीतरी हवं होतं. ते दुसरं कोणीही लिहील. माझ्याकडं दुसऱ्या कोणाकडं नसलेली एकच गोष्ट आहे, ती लिहितो. तुझी चूक म्हणून जे सगळ्यांना माहीत आहे, ते तू केलेलं नव्हतं. ते मी केलं होतं.

तुला आठवत असेल, शाळेला पन्नास वर्षं होत होती आणि हेडमास्तरांनी 'कापसाची वाट' नावाचं प्रदर्शन ठरवलं होतं. सरकी काढण्याचं यंत्र, बैलगाडी, पाठीवर गोण्या घेतलेले बैल, आगगाडी. मी चित्रकलेचा मास्तर, मला काहीतरी वेगळं हवं होतं. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मला वाफेच्या बोटीचं पानभर चित्र सापडलं होतं. दुमजली, दोन धुराडी, आणि अगदी मागे, बोटीच्या रुंदीएवढं फळ्यांचं मोठं चाक. ते चाक फिरलं की फळ्या पाणी मागे ढकलतात आणि बोट पुढे जाते. मी ठरवलं, ही बोट करायची आणि शाळेच्या हौदात चालवून दाखवायची. चित्र काढणं मला येत होतं. चालणारी वस्तू करणं येत नव्हतं.

तू तेव्हा शाळेची पाण्याची मोटर दुरुस्त करायला आला होतास. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या ज्या कारखान्यात तू फिटर होतास, तो बंद पडला होता आणि तू तांड्यावर परत येऊन शेती पाहत होतास. हात धुता धुता तू माझ्या टेबलावरचं चित्र पाहिलंस.

"मास्तर, हे चाक मांगं काहून? गाडी कोनी मांगून ढकलते का?"

मी सांगितलं, नदी उथळ असली की बाजूची चाकं खडकाला, काठाला लागतात. मागचं चाक बोटीच्या आडोशानं येतं, त्याला काही लागत नाही. आणि हेही सांगितलं की आपल्या भागातला कापूस वर्धा नदीतून गोदावरीत आणि तिथून समुद्राकडं बोटींनी न्यायचा इंग्रजांचा बेत होता. तो पुरा झाला नाही, पण झाला असता तर अशाच बोटी इथं आल्या असत्या.

तू हसलास. "मंजे आमच्या बैलाइच्या पोटावर पाय. अन् थेच बोट मी बनवू म्हनता? माह्या आज्यानं पाह्यलं असतं तं पाठीत काठी घातली असती."

तुझ्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. ते काम जाऊनही खूप काळ लोटला होता, तरी तुझे वडील गाडी भरताना तुझ्याशिवाय कोणाला हात लावू देत नसत. हे मला तेव्हा गमतीचं वाटलं.

मग आपले रविवार सुरू झाले. जेवण करून तू सायकलीवर यायचास आणि ऊन उतरेपर्यंत आपण हस्तकलेच्या खोलीत असायचो. सव्वाचार फुटांचा सागवानाचा सपाट तळ. भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर. धुराड्यांसाठी हवा भरायच्या दोन जुन्या पंपांच्या नळ्या. चित्रात वरच्या मजल्यावरून, खांबांच्या डोक्यावरून गेलेले बारीक गज होते. ती मला नक्षी वाटली आणि मी ती गाळणार होतो. तू चष्मा वर करून बराच वेळ पाहिलंस. "हे शोभेचं नाई मास्तर. मांगं येवढं जड चाक लटकवलं का लाकूड कमरेत वाकते. हे त्याले वर धरून राह्यलं." आणि तू सायकलचे स्पोक कापून तसे ताणून बसवलेस. चावीनं एकेक स्पोक पिळत गेलास तसा बोटीचा वाकलेला मागचा भाग माझ्या डोळ्यांसमोर सरळ झाला. पुस्तक माझं होतं, पण वाचलंस तू.

आपलं पहिलं भांडण पाण्यावरून झालं. मी सगळं प्रमाणात काढलं होतं. खरी बोट चोवीस फूट तिथं आपली एक फूट. खिडक्या, जिने, कठडे आणि चाकाच्या फळ्यासुद्धा. तशा अरुंद फळ्यांचं चाक हौदात नुसतं शिंतोडे उडवत राहिलं, बोट जागची हलली नाही.

"सगळं लहान केलं तुमी," तू म्हणालास. "जिना लहान केला, खिडकी लहान केली. पन पानी कसं लहान करान? हौदातलं पानी तं नदीवालंच हाये."

मी तुला प्रमाण म्हणजे काय ते फळ्यावर आकृती काढून शिकवलं. तू शांतपणे ऐकलंस आणि पुढच्या रविवारी दुप्पट रुंदीच्या फळ्यांचं चाक करून आणलंस. ते चाललं. बोट हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि तू भान विसरून माझ्या पाठीत थाप मारलीस, "पाह्य बे मास्तर, पाह्य!" तोपर्यंत तू मला 'तुमी' म्हणायचास. त्या दिवसापासून 'तू' म्हणायला लागलास. मला बरं वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर हरल्याचं थोडं लागलंही होतं.

भाराचं तू मला तेव्हाच समजावलं होतंस. गाडीत मागे भार झाला की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ती गाडी उलाळ. पुढे जास्त झाला की बैलांच्या माना दबतात, ती धुरजड. "तुही बोट जन्माचीच उलाळ हाये. चाक मांगं, मोटर मांगं. आता बॅटरी तरी अगदी पुढं ठेव. चाकाची खालची फळी जेमतेम बुडाली पायजे. जास्त बुडाली का चाक पानी फेकत नाई, पानी उचलते." मोटारसायकलची ती बॅटरी तू पुढच्या मजल्याखाली लाकडी खोक्यात घट्ट बसवलीस. बोट पाण्यात ताटासारखी सपाट बसली. आपण तीन वेळा चालवून पाहिली, तिन्ही वेळा चालली.

अडचण गाठींची होती. पुढच्या मजल्यावर मला कापसाच्या गाठी रचायच्या होत्या. सुताच्या दोरीनं बांधलेल्या, प्रमाणात कापलेल्या अठ्ठेचाळीस गाठी मी स्वतः केल्या होत्या. पण खाली बॅटरीचं खोकं असल्यामुळे मजला उचलला गेला होता आणि गाठी कठड्याच्या वर दोन बोटं येत होत्या. चित्रात त्या कठड्याच्या आत होत्या. मी म्हणालो, बरं दिसत नाही. तू म्हणालास, "दिसू दे दोन बोटं. पाहनाऱ्याले गाठी दिसतीन तरी." मी पुन्हा म्हणालो. तू हात झटकलेस, "तुले बोट चालवाची हाये का चितरात ठेवाची हाये?"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तू वडलांना आणि बायकोला, जमनाबाईंना, आणायला एसटी स्टँडवर गेलास. शाळेच्या वर्कशॉपवर तुला शिकवायला घ्यायचं हेडमास्तरांनी मनावर घेतलं होतं, कार्यक्रमात तसं जाहीर करू म्हणाले होते. म्हणून तू वडलांना बोलावलं होतंस. मी खोलीत एकटा होतो. गाठी पुन्हा रचून पाहिल्या. दोन बोटं वर. पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि त्या फोटोत माझं प्रमाण चुकलेलं दिसणार. मी खोकं काढलं, मजला खाली बसवला आणि बॅटरी बोटीच्या मागच्या खोलीत मोटरीजवळ ठेवली. तारही कमी लागली. तळहाताएवढ्या वस्तूनं काय फरक पडतो, असं मी स्वतःला म्हणालो. पण देवसिंग, तू येण्याच्या आत ते उरकायची मी घाई केली. ज्याला खरंच फरक पडणार नाही असं वाटतं, तो अशी घाई करत नाही.

तू आलास तेव्हा बोटीला हार घातलेला होता, हौदाभोवती सारं गाव होतं आणि माइक माझ्या हातात होता. तू दुरून हात केलास. तुझे वडील पांढरं पागोटं बांधून पुढच्या खुर्चीवर बसले होते. पाहुण्यांनी बटण दाबलं. चाक फिरलं, टाळ्या पडल्या. बोट चार हात गेली आणि मागून बसायला लागली. चाक आसापर्यंत बुडालं आणि पाणी मागून उचलून स्वतःच्याच बोटीत टाकायला लागलं, तू सांगितलं होतंस अगदी तसं. मग मोटर थांबली, नाक वर झालं आणि माझ्या अठ्ठेचाळीस गाठी एकेक करून पाण्यावर सुटल्या. लोक हसायला लागले. पाहुणेही म्हणाले, "बरं झालं, इंग्रजांनी बेत सोडला!"

तू कपड्यांसकट हौदात उतरलास. बोट छातीशी धरून काठाशी आलास, आत पाहिलंस, आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलंस, "मास्तर, बॅटरी मांगं कोनं ठेवली?"

"मंग बोलू," मी पुटपुटलो.

तेवढ्यात हेडमास्तर आले. "सर, असं कसं झालं?"

मी म्हणालो, "भाराचं सगळं देवसिंगकडं होतं."

माइक माझ्या हातात होता आणि चालू होता. ते वाक्य भोंग्यातून साऱ्या आवारात गेलं. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. बावीस वर्षं मी त्याच आधारावर जगलो, की मी काही खोटं बोललो नाही.

तुझे वडील उठून तुझ्यापाशी आले. त्यांनी तुमच्या गोरबोलीत विचारलं. तेवढी मला कळते. भार तू बांधला होतास का, असं त्यांनी विचारलं. तू माझ्याकडं पाहिलंस. मी बोटीतलं पाणी ओतण्यात गुंतल्यासारखं केलं. मग तू त्यांना "हो" म्हणालास. तेही खोटं नव्हतं, तू बांधलाच होतास. म्हातारा जेवायलासुद्धा थांबला नाही. वर्कशॉपचं त्या दिवशी काही जाहीर झालं नाही, नंतरही नाही. ती जागा दुसऱ्या कोणाला गेली.

बोट मी वाळवली, रंगवली आणि काचेच्या कपाटात ठेवली. खाली पाटी लावली, तिच्यावर माझं एकट्याचं नाव. त्यानंतर तू मला पुन्हा 'तुमी' म्हणायला लागलास.

दरवेळी भेटलास की एकदा तरी विचारायचास, "बोट कशी हाये मास्तर?" मी म्हणायचो, "काचेत हाये." तू मान हलवायचास आणि मग सोयाबीनबद्दल, पावसाबद्दल बोलायचास. एकदा एवढंच म्हणालास, "काचेत काई बुडत नाई, नाई का?" मला तो टोमणा वाटला आणि मी चार महिने तुला टाळलं.

माझी बायको गेली तेव्हा तू तीन दिवस आमच्या घरी येऊन बसलास. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो तेवढा दुरुस्त केलास, आणि तिच्या शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला होता, तो घट्ट केलास. आता ते कोण चालवणार, असं मी म्हणालो. "चालो न चालो," तू म्हणालास, "ढिल्लं कायले ठेवाचं?" त्या क्षणी सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण माझ्या दुःखात तू आला होतास आणि त्या वेळी तुझ्यापुढं आणखी लहान व्हायला मी तयार नव्हतो. तुझे उपकार मी घेतले आणि गप्प राहिलो. तिचं यंत्र अजून तसंच घट्ट आहे.

मागच्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो. जमनाबाई अंगणात तूर निवडत होत्या. मला पाहून त्यांनी खाट सरकवून दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "जमनाबाई, त्या दिवशी बॅटरी मी हलवली होती. देवसिंगनं ती पुढंच ठेवली होती."

त्यांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमाले मालूम हाये का, त्या दिवसापासून माह्या सासऱ्यानं त्याले गाडी भरू देली नाई. कापूस निंगाला का शेजारच्या मानसाले बलवत. 'तू राहू दे,' म्हनत. म्हातारा मरेपर्यंत. सोताचा पोरगा बाजूले उभा राहून पाहे."

हे मला माहीत नव्हतं, देवसिंग. तुझं वर्कशॉप गेलं हे माहीत होतं. तुझा हात गेला हे माहीत नव्हतं.

मी माफी मागायला लागलो. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले कायले सांगता? म्या कदी म्हटलं का त्यानं चुकवलं म्हनून? जिथं बोलले तिथं जाऊन बोला. भोंग्यावर सांगतलं होतं ना? मंग भोंग्यावरच सांगा. मी येतो संग."

सोमवारी आम्ही दोघं शाळेत गेलो. आताच्या हेडमास्तरीण बाई माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रार्थनेनंतर मला माइक दिला. हौद आता नाही. तो बुजवून त्यात जास्वंदी लावल्या आहेत. त्या दिवशी हसलेल्या माणसांपैकी कितीतरी आज नाहीत. समोर सगळी मुलं, त्यांना ना तू माहीत ना बोट. गावात निरोप गेला होता म्हणून दहा-बारा म्हातारे तेवढे मागे येऊन उभे होते. माइक किंचाळला, मुलं हसली. मी म्हणालो, "या जागी बावीस वर्षांपूर्वी आपल्या शाळेची बोट बुडाली. देवसिंगनं भार पुढेच ठेवला होता. तो मी मागे नेला, त्याला न विचारता. मग दोष त्याच्यावर जाऊ दिला. बोट त्यानं केली होती. बुडवली मी." एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं होतं, सांगून हलकं वाटेल. वाटलं नाही.

मुलं वर्गात गेल्यावर किसन माझ्याजवळ आला. तोच किसन, आपल्या वेळचा शिपाई. आता काठी टेकत चालतो.

"सर, मले तं तेव्हापासूनच मालूम होतं," तो म्हणाला. "बोट वाळवाले नेली तेव्हा बॅटरी म्याच काहाडली, मांगच्या खोलीतून. आदल्या दिवशी पुढं होती, म्या पाह्यली होती. म्या देवसिंगभाऊले म्हटलं, चाल हेडमास्तरले सांगू. मी गवाई देतो."

"मग?"

"थे म्हने, राहू दे किसन. मास्तर सांगतीन."

मी जास्वंदीच्या कठड्यावर बसलो.

म्हणजे तू मला टोमणे मारत नव्हतास. बोट कशी आहे असं विचारायचास, तेव्हा मला जागा करून देत होतास. बावीस वर्षं. मला वाटत होतं तू विसरलास, किंवा माफ केलंस, किंवा मनात धरून बसलास. तू यांतलं काहीच केलं नव्हतंस. तू नुसती वाट पाहत होतास आणि मी दरवेळी तुला सांगत होतो, काचेत आहे.

बाईंनी कपाट उघडून दिलं. जमनाबाईंनी त्या दिवशी गर्दीतून बोट धड पाहिलीही नव्हती. आता त्या पुढे वाकल्या. ताणलेल्या स्पोकांवरून हात फिरवला. एकही सैल झाला नव्हता. चाक हलकेच ढकललं, ते फिरलं.

"यवढीशीच व्हय?" त्या म्हणाल्या. "म्या समजून राह्यलो होतो, लय मोठी असन."

आणि तिथून निघून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. एसटी येईपर्यंत मी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. गाडी आल्यावर मात्र त्यांनी मला आधी चढू दिलं.

काल मी बोटीचा पुढचा मजला उचलला. तू केलेलं खोकं त्याच कपाटाच्या तळाशी पडलेलं होतं. ते खाली बसवलं, त्यात जुनी मेलेली बॅटरी ठेवली. ती आता काही चालवणार नाही, पण वजन तेवढंच आहे. वर नव्या गाठी रचल्या. पाटी बदलली. तिच्यावर आधी तुझं नाव आहे, आणि खाली, चित्र मी आणलं एवढंच. गाठी कठड्याच्या वर दोन बोटं दिसतात. बाईंनी विचारलं, सर, हे प्रमाणात आहे का? मी म्हणालो, नाही, पण तसंच असायचं.

तू विचारलं होतंस ना. बॅटरी मागे मी ठेवली, देवसिंग.